प्रायॉरिटी डेट: मिळवायची कशी, टिकवायची कशी आणि नंबर आला की काय करायचं

प्रायॉरिटी डेट म्हणजे अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या रांगेत तुमचा नंबर ठरवणारी तारीख. आधी हिशोब बघू, म्हणजे पुढची सगळी धडपड कशासाठी ते कळेल. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देते. हा आकडा १९९० च्या कायद्यातला आहे आणि आजही तोच चालू आहे. ईबी-१, ईबी-२ आणि ईबी-३ ('ईबी' म्हणजे नोकरीवर आधारित) या तीन मोठ्या गटांना प्रत्येकी २८.६ टक्के, म्हणजे ४०,०४० मिळतात. त्यात एका देशाचा वाटा ७ टक्के, म्हणजे भारताच्या वाट्याला एका गटात वर्षाला सुमारे २,८००. अर्जदाराची बायको किंवा नवरा आणि मुलंही याच आकड्यात मोजली जातात. तिघांचं कुटुंब धरलं तर २,८०० मध्ये हजार अर्जदारसुद्धा बसत नाहीत. इतर देशांनी न वापरलेले आकडे उरले तर ते सर्वांत जुन्या तारखांना मिळतात. पण ते कधी उरतील आणि किती, हे कोणाच्या हातात नाही.

त्यामुळे रांग पुढे ढकलण्याचे 'उपाय' विकणाऱ्यांपासून लांब राहा. आपल्या हातात तीन गोष्टी असतात: तारीख लवकर मिळवणं, ती हातची न घालवणं, आणि खिडकी उघडेल त्या दिवशी कागद तयार असणं.

देश म्हणजे जन्माचा देश

रांग पासपोर्टवर नाही, जन्मस्थळावर ठरते. गोव्यात जन्मून पुढे पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला माणूस भारताच्याच रांगेत उभा राहतो, आणि नंतर कॅनडाचं नागरिकत्व घेतलेला पुणेकरही. उलट, वडील नोकरीला कुवेत किंवा मस्कतला असताना तिथे जन्मलेला माणूस भारतीय पासपोर्टवर असला तरी भारताच्या रांगेत नसतो. महत्त्वाचं म्हणजे जोडीदाराचा जन्मदेशही वापरता येतो. तुमचा जन्म साताऱ्याचा आणि बायकोचा दुबईचा असेल, तर दोघांनाही तिच्या देशाची तारीख लागू होऊ शकते. त्यासाठी दोघांचे शेवटच्या टप्प्यातले अर्ज एकत्र करावे लागतात. मुलांचा जन्मदेश मात्र आईवडिलांना उपयोगी पडत नाही. लग्न झालेलं असेल तर आजच दोघांचे जन्मदाखले काढून जन्मस्थळ बघा. काहींची दहा-पंधरा वर्षं या एका ओळीने वाचतात.

पहिला टप्पा: पर्म

ईबी-२ आणि ईबी-३ मध्ये कंपनीला आधी कामगार खात्याला दाखवावं लागतं की या जागेसाठी पात्र आणि तयार अमेरिकी कामगार मिळाला नाही. याला सगळे 'पर्म' म्हणतात. क्रम असा.

कंपनी फॉर्म ९१४१ भरून त्या भागातला प्रचलित पगार ठरवून घेते. मग जाहिराती. पदवी लागणाऱ्या नोकरीसाठी दोन वेगवेगळ्या रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात, राज्याच्या रोजगार विभागाकडे ३० दिवसांची नोंद, ऑफिसात सलग १० कामाचे दिवस सूचना, आणि शिवाय नियमातल्या दहा मार्गांपैकी आणखी तीन. उदाहरणार्थ, कंपनीची वेबसाइट, नोकऱ्यांची वेबसाइट, कर्मचाऱ्यांनी सुचवलेले उमेदवार. ही भरती अर्जाच्या १८० दिवसांपेक्षा जुनी चालत नाही, आणि मुख्य टप्पे संपल्यावर किमान ३० दिवस थांबून मगच फॉर्म ९०८९ भरता येतो. तो ज्या दिवशी दाखल होतो तीच तुमची प्रायॉरिटी डेट. मंजुरी दीड वर्षाने आली तरी तारीख दाखल केल्याच्या दिवसाचीच राहते.

पर्मचा वकील आणि जाहिरातींचा खर्च कंपनीनेच करायचा, हा नियम जुलै २००७ पासून आहे. 'आधी पैसे भरा, मग पगारातून वळते करू' असं सांगणारी कंपनी नियम मोडते आहे, आणि उद्या चौकशी झाली तर फटका तुमच्या फाईलला बसेल.

पर्म बिघडतं कुठे? पहिली जागा म्हणजे नोकरीचं वर्णन. त्यात लिहिलेली प्रत्येक अट तुमच्याकडे तारखेच्या दिवशी असायला हवी. पाच वर्षांचा अनुभव मागितला आणि तुमची चार वर्षं अकरा महिने झाली असतील, तर पुढे आय-१४० (कंपनीने तुमच्यासाठी करायचा दुसऱ्या टप्प्यातला अर्ज) नाकारला जातो. त्याच कंपनीत मिळवलेला अनुभवही सहसा धरत नाहीत; आधीची जागा निम्म्याहून अधिक वेगळ्या कामाची होती हे दाखवता आलं तरच. दुसरी जागा म्हणजे कपात. कंपनीने त्या भागात, त्याच प्रकारच्या कामातून गेल्या सहा महिन्यांत लोक काढले असतील, तर त्यांना या जागेबद्दल कळवून विचारात घ्यावं लागतं. मोठ्या कपातीनंतर कंपन्या पर्म थांबवतात ते याचमुळे. तिसरी म्हणजे कामाचं ठिकाण. डॅलसच्या जागेवर पर्म झालं आणि तुम्ही कायमचे सिअ‍ॅटलला गेलात, तर ते पर्म साधारणपणे वाया जातं.

पगार निश्चिती, जाहिराती आणि पर्मचा निकाल यात मिळून दोन वर्षं सहज जातात. एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसाची मर्यादा सहा वर्षांची. सहाव्या वर्षापलीकडे एकेक वर्षाची मुदतवाढ हवी असेल, तर पर्म किंवा आय-१४० दाखल होऊन ३६५ दिवस झालेले असावे लागतात. म्हणून तिसऱ्या वर्षी विषय काढा. चौथ्या वर्षी अजून 'एचआर बघतंय' हेच उत्तर मिळत असेल, तर काळजी करायला हवी.

पदवी आणि अनुभवाचं पत्र

ईबी-२ साठी मास्टर्स लागते, किंवा चार वर्षांची पदवी आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा चढत्या जबाबदारीचा अनुभव. आपल्याकडच्या बी.ई. किंवा बी.टेक. ला अडचण येत नाही. अडतं ते तीन वर्षांच्या बी.एस्सी. किंवा बी.कॉम. पाशी. नुसती तीन वर्षांची पदवी आणि वर एखादा डिप्लोमा जोडून ईबी-२ मागितलं तर प्रश्न येतोच. बी.एस्सी. आणि एम.सी.ए. हा मार्ग सहसा निभतो. शंका असेल तर पर्म लिहिण्याआधी पदवीचं मूल्यांकन करून घ्या. आय-१४० च्या वेळी ते उघडकीला आलं तर दुरुस्तीला वाव उरत नाही, कारण पर्ममध्ये लिहिलेली अट नंतर बदलता येत नाही.

अनुभवाचं पत्र हा भारतीयांच्या फायलीतला सर्वांत कच्चा दुवा. भारतातल्या कंपन्या रिलीव्हिंग लेटर देतात. त्यात नाव, पद आणि दोन तारखा, बस. इथे लागतं ते असं: कंपनीच्या लेटरहेडवर, सही करणाऱ्याचं नाव, पद आणि संपर्कासह, नोकरी पूर्णवेळ होती हे स्पष्ट लिहिलेलं, दिवस-महिना-वर्षासह सुरुवात आणि शेवट, आणि प्रत्यक्ष कामाचं चार-सहा ओळींत वर्णन. पर्ममध्ये एखादं विशिष्ट कौशल्य मागितलं असेल, तर ते कौशल्य त्या नोकरीत वापरलं होतं असं पत्रात शब्दशः यायला हवं. 'जावा' मागितलं असेल आणि पत्रात फक्त 'सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट' असेल, तर आरएफई आलाच म्हणा, म्हणजे आणखी पुरावे मागणारं पत्र. कंपनी बंद पडली असेल किंवा एचआर दाद देत नसेल, तर त्या वेळच्या साहेबाचं किंवा सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, सोबत पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि नियुक्तिपत्र. नोकरी सोडतानाच हे पत्र मागा. दहा वर्षांनी ओळखीचं माणूस तिथे राहत नाही.

दुसरा टप्पा: आय-१४०

पर्म मंजूर झालं की ते १८० दिवसच चालतं. त्या आत आय-१४० जायला हवा, नाहीतर पर्म कालबाह्य होतं आणि तारीखही जाते. प्रीमियममध्ये, म्हणजे जादा फी भरून, पर्मवर आधारित अर्जाचा निर्णय १५ कामाच्या दिवसांत येतो. एनआयडब्ल्यू (राष्ट्रहितासाठी मालक आणि पर्मची अट माफ करणारा ईबी-२) आणि बहुराष्ट्रीय कंपनीच्या व्यवस्थापकांचा ईबी-१ असेल तर ४५ कामाच्या दिवसांत. फी बदलत राहते, त्यामुळे पाठवण्याच्या दिवशी यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या स्थलांतर खात्याच्या) संकेतस्थळावरची फी आणि फॉर्मची आवृत्ती दोन्ही तपासा. जुन्या आवृत्तीचा फॉर्म परत येतो. कागदी चेकही २८ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाला आहे. कार्डासाठी जी-१४५० किंवा बँक खात्यासाठी जी-१६५० जोडावा लागतो.

कंपनीची कसोटी म्हणजे तारखेच्या दिवसापासून ठरलेला पगार देण्याची ऐपत. निव्वळ नफा, चालू मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम, किंवा तुम्हाला तेवढा पगार आधीपासूनच मिळतो आहे, यापैकी एक दाखवावं लागतं. शंभर किंवा अधिक कर्मचारी असले तर वित्त अधिकाऱ्याचं पत्र पुरू शकतं. छोट्या कन्सल्टन्सीकडे एकाच वेळी चाळीस आय-१४० असतील तर प्रत्येकाच्या पगाराची ऐपत विचारली जाते, आणि तिथेच गाडी अडते.

मंजुरीची आय-७९७ सूचना मालकाच्या नावाने येते, तरी तिची प्रत मागून घ्याच. सोबत मंजूर पर्मची प्रत मिळाली तर उत्तम. पुढे नोकरी बदलल्यावर नव्या वकिलाला यातलाच पावती क्रमांक आणि तारीख लागते.

तारीख कधी टिकते आणि कधी जाते

आय-१४० मंजूर झाला की प्रायॉरिटी डेट तुमची. नव्या कंपनीने पर्म आणि आय-१४० पुन्हा केले तरी जुनी तारीख लागू होते, अगदी ईबी-३ ची तारीख ईबी-२ लासुद्धा. २०१७ च्या नियमानुसार मंजुरीला १८० दिवस झाल्यावर जुन्या मालकाने आय-१४० मागे घेतला तरी त्यावर एच-१बी ची तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. १८० दिवसांच्या आत मागे घेतला तरी तारीख राहते, पण मुदतवाढीचा आधार जातो. तारीख पूर्ण जाते ती फसवणूक, महत्त्वाची खोटी माहिती, पर्म रद्द होणं किंवा मंजुरीतच मोठी चूक निघणं या कारणांनी. म्हणून नोकरी बदलायची असेल तर मंजुरीची तारीख आणि १८० दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि शक्य तर ते उलटू द्या.

नोकरी गेली तर एच-१बी वर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आय-९४, म्हणजे अमेरिकेत राहण्याची नोंदवलेली मुदत, आधी संपत नसेल तर. त्या मुदतीत नव्या मालकाने एच-१बी दाखल केला, किंवा तुम्ही एच-४ (एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांचा दर्जा) वा अन्य दर्जासाठी अर्ज केला, तर उभं राहायला जागा उरते. मंजूर आय-१४० असलेल्याच्या एच-४ जोडीदाराला २०१५ पासून कामाची परवानगी घेता येते. घरातला दुसरा पगार अशा वेळी फार कामाला येतो.

बुलेटिन वाचायचं कसं

अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात दोन तक्ते असतात. 'ए' म्हणजे अंतिम निर्णयाच्या तारखा, म्हणजे कार्ड खरोखर कधी मिळू शकतं. 'बी' म्हणजे अर्ज भरण्याच्या तारखा. यातला कोणता तक्ता या महिन्यात चालेल हे यूएससीआयएस वेगळं जाहीर करतं, ते न बघता अर्ज पाठवू नका. तुमची तारीख तक्त्यातल्या तारखेच्या आधीची हवी; तीच असेल तर नंबर आला नाही. 'सी' म्हणजे सगळ्यांसाठी खुलं, 'यू' म्हणजे आकडे संपले.

ऑक्टोबर २०२५ च्या 'ए' तक्त्यात भारतासाठी ईबी-१ ची तारीख १५ फेब्रुवारी २०२२, ईबी-२ ची १ एप्रिल २०१३ आणि ईबी-३ ची २२ ऑगस्ट २०१३ होती. ईबी-३ अशी पुढे असली की 'डाउनग्रेड'चा विषय निघतो: त्याच पर्मवर ईबी-३ चा दुसरा आय-१४० टाकणं. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ च्या 'बी' तक्त्याची तारीख १ जानेवारी २०१५ वर गेली आणि हजारो लोकांनी हेच केलं. तेव्हा ते चुकलं असं म्हणता येत नाही, पण फरक चार-पाच महिन्यांचा असेल तर घाई करू नका. लोक तिकडे गेले की तीही रांग लांबते. ईबी-२ चा आय-१४० तसाच ठेवा, म्हणजे पुढे जी रांग आधी येईल ती घेता येईल.

तारखा मागेही जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये ईबी-२ भारत १ डिसेंबर २०१४ वर होतं. ऑक्टोबरमध्ये ते १ एप्रिल २०१२ वर आलं आणि डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११ वर. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे हालचाल बहुधा हिवाळ्याआधी दिसते आणि उन्हाळ्यात गाडी थांबते. सप्टेंबर २०२५ मध्ये तर ईबी-२ चे वर्षाचे आकडे महिना संपायच्या आतच संपले. नंबर आला तर त्याच महिन्यात अर्ज टाकायचा, पुढच्या महिन्यावर विसंबायचं नाही.

एनआयडब्ल्यू घेतल्याने ईबी-२ ची रांग बदलत नाही. मालकाची गरज फक्त संपते. रांग खरोखर बदलते ती ईबी-१ मध्ये, आणि तिथेही ऑगस्ट २०२३ मध्ये भारताची तारीख १ जानेवारी २०१२ वर गेली होती.

मुलांचं वय

मूल २१ वर्षांचं झालं की रांगेतून बाहेर पडतं. बाल दर्जा संरक्षण कायद्याचा हिशोब असा: तारीख खुली झाली त्या दिवशीचं वय, वजा आय-१४० निर्णयासाठी पडून होता ते दिवस. मुलगी २१ वर्षं ५ महिन्यांची आहे आणि आय-१४० आठ महिने पडून होता, तर तिचं वय २० वर्षं ९ महिने धरतात, ती वाचली. त्याच फायलीवर प्रीमियम घेऊन तीन आठवड्यांत मंजुरी आणली असती, तर ती बाहेर गेली असती. मूल आज चार वर्षांचं असेल आणि रांग दीड दशकाची, तर प्रीमियमचा निर्णय याही अंगाने विचारात घ्या.

१५ ऑगस्ट २०२५ पासून केलेल्या अर्जांसाठी यूएससीआयएस या हिशोबात 'ए' तक्ताच धरतं. 'बी' वर अर्ज भरता आला म्हणून वय गोठलं असं समजू नका. शिवाय तारीख खुली झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायला हवा, आणि मुलाचं लग्न झालेलं नसावं.

कागद: आजच काढायचे

जन्मदाखला सर्वांत आधी. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेचा नमुना ५ मधला दाखला, त्यात तुमचं नाव, जन्मस्थळ आणि आईवडील दोघांची नावं हवीत. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरी असते. ते नाव नंतर दाखल करून घेता येतं का, हे त्याच कार्यालयात विचारा. शाळा सोडल्याचा दाखला सोबत न्या. नोंदच सापडत नसेल तर नमुना १० मधला अनुपलब्धतेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि तुमच्या जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन नातलगांची प्रतिज्ञापत्रं. जन्मानंतर खूप वर्षांनी केलेली नोंद एकटीच पाठवू नका, तिला हेच दुय्यम पुरावे जोडा. आई, मामा, आत्या यांची प्रतिज्ञापत्रं ती माणसं आहेत तोवर करून ठेवावीत.

नावांचा गोंधळ आपल्याकडे ठरलेला. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर नाही. लग्नानंतर बायकोचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. क्वचित पहिलं नावसुद्धा. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद, आणि 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र एकत्र ठेवा. मराठीतल्या कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, त्यावर भाषांतरकाराने ते पूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात असं सहीनिशी लिहायचं. नोटरी लागत नाही. भाषांतर स्वतःचं स्वतः करू नका.

नंबर आला: आय-४८५

आय-४८५ म्हणजे अमेरिकेत राहून ग्रीन कार्ड मागायचा शेवटचा अर्ज. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. फी एप्रिल २०२४ पासून १,४४० डॉलर, आईवडिलांबरोबर अर्ज करणाऱ्या १४ वर्षांखालच्या मुलाला ९५०. कामाच्या परवान्याचा (ईएडीचा) आय-७६५ आणि प्रवासाच्या परवान्याचा आय-१३१ यांची फी वेगळी. वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ २ डिसेंबर २०२४ पासून अर्जासोबतच लागतो. सिव्हिल सर्जनने (यूएससीआयएसने नेमलेल्या डॉक्टरने) बंद केलेलं पाकीट उघडायचं नाही. लसीकरणाच्या जुन्या नोंदी सापडल्या तर बरंच, नाहीतर लसी पुन्हा घ्याव्या लागतात.

एच-१बी किंवा एच-४ वर असाल तर तो दर्जा सोडू नका. ईएडीवर नोकरी केली आणि आय-४८५ नाकारला गेला, तर खाली जाळं राहत नाही. आता ईएडी १८ महिन्यांचाच मिळतो, आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणाला आपोआप मुदतवाढ नाही, म्हणून संपण्याच्या १८० दिवस आधी, पहिल्याच दिवशी अर्ज टाका. एच किंवा एल (कंपनीअंतर्गत बदलीचा) दर्जा नसेल तर प्रवासाचा परवाना हातात आल्याशिवाय देश सोडला की अर्ज सोडून दिला असं धरतात.

अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिला की त्याच किंवा तशाच प्रकारच्या कामात दुसरीकडे जाता येतं, त्यासाठी आय-४८५ चा सप्लिमेंट-जे हा फॉर्म भरायचा. पगार वाढला तर बिघडत नाही; डेव्हलपरचा रेस्टॉरंट मॅनेजर झाला तर बिघडतं. पत्ता बदलला तर १० दिवसांत एआर-११ हा फॉर्म भरायचा.

पुण्याला परत गेलेल्यांसाठी

भारतात परतलात म्हणून मंजूर आय-१४० ची तारीख संपत नाही. ग्रीन कार्ड पुढच्या नोकरीसाठी असतं, त्यामुळे तारीख खुली होईल तेव्हा ती जागा द्यायला तयार असलेला मालक मात्र हवा. मग फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज भरायचा, पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स काढायचा, आणि मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. सेंटरने कळवल्यानंतर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. जुन्या ऑफिसचा ईमेल तिथे नोंदवलेला असेल तर आधी तो बदला.